पायापर्यंतचा निरोप

ताश्कंदकडून घाट ओलांडला की लागणाऱ्या चुस्त गावच्या वरच्या मोहल्ल्यात खोलमिर्झा दोरबोझाचं घर कुणीही दाखवील. दोरावर चालणारा तो दोरबोझ. अंगणात तुतीची दोन झाडं, त्यांच्यामध्ये गुडघाभर उंचीवर ताणलेला दोर, आणि त्या दोरावर कायम कोणी ना कोणी पोर. त्या घरातलं मूल आधी दोरावर चालतं आणि मग जमिनीवर, असं शेजारीपाजारी म्हणायचे. याला अपवाद एकच निघाला, खोलमिर्झाची थोरली मुलगी मुहय्यो.

सात वर्षांची असताना तिला आजोबांनी उचलून दोरावर ठेवलं. तिनं खाली पाहिलं. जमीन गुडघ्याएवढ्या अंतरावर होती, पण तिला ती विहिरीच्या तळाशी दिसली. तिनं आजोबांचा चोगा दोन्ही मुठींत धरला, आणि तो सोडवायला तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली. आजोबा रागावले नाहीत. चोग्याच्या चुण्या सरळ करत ते म्हणाले, "हिचं रक्त आईकडचं. आपल्या घरात डोक्यानं हुकूम सोडला की तो पायाला पोचलेलाच असतो. हिचा हुकूम वाटेत कुठेतरी चहा पीत बसतो."

सगळं अंगण हसलं. मुहय्योची आई विणकराच्या घरातली, तीही हसली. त्या घरात ही गोष्ट कुणी वाईट म्हणून सांगत नव्हतं. दोरबोझांचं रक्त वेगवान, बाकीच्यांचं संथ, एवढंच. म्हणून तर बाहेरच्या कुणाला या घरानं कधी दोर शिकवला नव्हता. आत्या चालायची, चुलतबहिणी चालायच्या, पण त्या घरात जन्मलेल्या. सुना खाली उभ्या राहून चहा करायच्या.

मुहय्योच्या वाट्यालाही चहाची किटलीच आली. लग्नात, जत्रेत खेळ लागला की कर्नाय नावाचं माणसाहून लांब पितळी शिंग वाजायचं, लोक माना वर करायचे आणि दोरावरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. मुहय्यो पाय बघायची. बापाचा पाऊल टाकण्याआधी किंचित थांबणारा अंगठा, घोट्याजवळ सतत चाललेली बारीक हालचाल. हुकूम चहा पितो म्हणजे नक्की कुठे थांबतो, मानेत की कमरेत, हा प्रश्न तिच्या डोक्यात बसला तो उठेचना. शाळेत तिनं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "ताश्कंदला जा, तिथे माहीत असेल."

ती ताश्कंदला गेली. डॉक्टर झाली, नसांचं शास्त्र शिकली, भूगोल शिकवणाऱ्या एका शांत माणसाशी लग्न केलं आणि एका प्रयोगशाळेत लागली. मेंदूकडून निघालेला निरोप स्नायूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे मोजण्याचंच तिथे काम होतं. पक्षाघाताचे रुग्ण यायचे, नसा सुकत चाललेले यायचे. निरोप वाटेत कुठे रेंगाळतो हे कळलं की उपचाराची दिशा ठरायची. घरी फोन केला की बाप न चुकता विचारायचा, "काय गं, झाला का चहा पिऊन त्या हुकुमाचा?"

"अजून कप हातात आहे, अदा," मुहय्यो म्हणायची. त्या बाजूला बापाला अदा म्हणतात.

मुहय्यो चाळिशीला आली तेव्हा प्रयोगशाळेत एक अडचण उभी राहिली. आजारी माणसाचा निरोप उशिरा पोचतोय हे सांगायचं, तर निरोगी माणसाचा कधी पोचतो हे माहीत हवं. त्याचे तक्ते होते, पण ते परदेशातल्या लोकांना मोजून केलेले. प्रयोगशाळेचे प्रमुख सुयून दोमला, म्हणजे सुयून गुरुजी, एक दिवस म्हणाले, "मुहय्यो, आपल्या माणसांचे आकडे आपण काढू. उंच, बुटके, तरुण, म्हातारे, सगळे. फक्त निरोगी हवेत."

निरोगी माणसं शोधायला लागलं की प्रत्येकाची कंबर दुखते. परिचारिका झाल्या, ड्रायव्हर झाले, मुहय्योचा नवराही दोनदा झोपून झाला. मग वसंतात नवरोजला ती माहेरी गेली तेव्हा तिला वाटलं, आपल्या घरात तर निरोगी माणसांचा कारखाना आहे.

ती पोचली त्या दिवशी पुरुष मंडळी नमनगानच्या एका लग्नात खेळ करायला गेली होती. दार ढकलून ती अंगणात आली आणि तिथेच थांबली. तुतीच्या झाडांमधल्या दोरावर तिची भावजय झुमराद उभी होती. भाऊ शेरमतची बायको, नमनगानच्या नानवाल्याची मुलगी, अंगानं ठेंगणी. हातात तोल सांभाळायची काठी म्हणून तिनं लाटणं आडवं धरलं होतं. तीन पावलं टाकून ती उतरली, वळली आणि नणंद दिसताच लाटणं पाठीमागे लपवलं.

"ओपा, कुणाला सांगू नका." नणंदेला ती ओपा, म्हणजे ताई, म्हणायची.

"शेरमतला माहीत आहे?"

"त्यांनीच तर पहिल्यांदा हात धरला. पण अदांसमोर तोंड उघडायची त्यांची छाती नाही." मग ती हसली. "विचारलं होतं मी एकदा. अदा म्हणाले, पोरी, तुझा नान उत्तम होतो, देवानं प्रत्येकाला काहीतरी दिलंय."

मुहय्योनं मात्र एक पाहिलं होतं. झुमराद चालताना तिचा घोटा बापाच्या घोट्यासारखाच चालत होता, बारीक बारीक, न थांबता.

संध्याकाळी पुरुष परतल्यावर पलोवच्या ताटाभोवती मुहय्योनं विषय काढला. डोक्याला एक वेटोळं लावायचं, त्यातून चुंबकाचा झटका द्यायचा, मग पायाचा स्नायू उडतो, आणि मधला वेळ यंत्र मोजतं. दुखत नाही.

"माझ्या डोक्याला झटका?" खोलमिर्झा म्हणाला. "तिथे आहेच काय मोजण्यासारखं? डोकं असतं तर दोरावर कशाला चढलो असतो?"

"मला वेगवेगळ्या उंचीची माणसं हवीत, अदा. तुमच्याएवढा उंच अजून कुणी मिळाला नाही."

खोलमिर्झानं घास हातात धरून विचार केला. "म्हणजे कुणाचा हुकूम किती वेगानं पोचतो ते यंत्र सांगतं? आकड्यात?"

"आकड्यात."

"मग आपलं रक्त वेगवान आहे हे कागदावर येईल."

मुहय्यो काही बोलायच्या आत तो चहाच्या दुकानात सांगून मोकळासुद्धा झाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं की खोलमिर्झा-आकाच्या रक्ताची ताश्कंदला परीक्षा आहे. मुहय्योनं एवढंच केलं, की जाताना बापाला बजावलं, "बायकाही हव्यात मला. झुमरादला आणा."

"ती नानवाल्याची आहे."

"म्हणूनच. सगळेच वेगवान असले तर कळणार कसं?"

हे खोलमिर्झाला पटलं.

जर्दाळूचा मोहोर गळून गेल्यावर कामचिकचा घाट ओलांडून एक छोटी डामास गाडी ताश्कंदला आली. आत खोलमिर्झा, शेरमत, दोन चुलतभाऊ, कर्नाय वाजवणारा काका आणि मांडीवर नानची टोपली घेतलेली झुमराद. टपावर कर्नाय बांधलेलं. पहारेकरी विचारायला लागला, हे कशाला. काका म्हणाला, "परीक्षेत पास झालो तर वाजवायला." ते पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवून घेतलं गेलं.

पहिला नंबर खोलमिर्झानं कुणाला दिला नाही. मुहय्योनं ठरलेले प्रश्न विचारले. फीट येते का, डोक्यात काही धातू आहे का.

"दात सोन्याचे आहेत. काढून ठेवू?"

"दात राहू द्या, अदा."

पलंग त्याला पुरेना, टाचा बाहेर लोंबत राहिल्या. नडगीलगत तिनं स्नायूची हालचाल टिपणाऱ्या चकत्या चिकटवल्या, हाताच्या अंगठ्याजवळही चिकटवल्या. आधी हात. तिनं वेटोळं त्याच्या डोक्यावर धरलं, टक् असा आवाज झाला आणि खोलमिर्झाचा अंगठा उडाला.

तो अंगठ्याकडे बघत राहिला. "हे कुणी केलं?"

"मी."

"मी नाही केलं?"

"तुम्ही नुसते झोपला होता."

"आयुष्यभर तुला एक पाऊल टाकायला लावू शकलो नाही," तो म्हणाला, "आणि तू बसल्या जागी माझा अंगठा हलवतेस. तुझ्या आजोबांनी बघायला हवं होतं."

मग पाय, मग पुन्हा पाय, मग कमरेवर झटका. डोक्यापासूनचा वेळ वेगळा, कमरेपासूनचा वेगळा, म्हणजे एकातून दुसरा वजा केला की वरच्या वाटेचा हिशेब निघतो. एकेक करत सगळे झाले. झुमराद शेवटी. दुपारी सगळे पडद्याभोवती जमले आणि मुहय्योनं आकडे वाचले. एका सेकंदाचे हजार तुकडे केले, तर त्यातल्या तीसेक तुकड्यांत डोक्याचा निरोप पायाला पोचतो. सगळ्यांचं थोडं इकडेतिकडे. सगळ्यांत जास्त वेळ खोलमिर्झाला लागला होता.

"सगळ्यांत जास्त म्हणजे चांगलं ना?" काकानं विचारलं.

"जास्त म्हणजे उशीर," शेरमत हळूच म्हणाला.

खोलमिर्झाच्या कानाची पाळी लाल झाली. "आणि सगळ्यांत कमी?"

"झुमरादला."

खोलमिर्झानं वळून सुनेकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जणू ती आत्ताच दारातून आत आली होती. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं.

"पोरी, तुझी आजी कुठली?"

"कोणती आजी, अदा?"

"कोणतीही. आईची आई."

"कासोनची बहुतेक."

"कासोनला दोरबोझ होते," खोलमिर्झा म्हणाला. "माझ्या आजोबांच्या वेळी एक अख्खं कुटुंब होतं. पुढे कुठे गेलं कुणालाच कळलं नाही." तो काकाकडे वळला. "कळलं का? रक्त लपत नाही. नानवाल्याच्या घरात जाऊन बसलं होतं."

शेरमतनं मान खाली घालून हसू दाबलं. झुमरादनं मुहय्योकडे पाहिलं. ती नजर स्वच्छ वाचता येत होती. ओपा, आता एक अक्षर बोलू नका.

मुहय्योला बोलायचं नव्हतंच. दोन मिनिटं गप्प राहिली असती तर सून दोरावर चढणार होती, बापाचा मान राहणार होता आणि कर्नाय वाजवत गाडी परत जाणार होती. तिनं कागद उलटा ठेवला, पुन्हा सरळ केला. मग टेबलावरची मापाची फीत उचलली.

"अदा, हे अर्धंच झालं. वेळ आला, पण वाट किती लांब ते धरायला हवं. तुम्ही मोहल्ल्यात सगळ्यांत उंच. तुमचा निरोप चुस्तहून ताश्कंदला जातो, झुमरादचा फक्त नमनगानला. तुमचा पाय मंद नाही. लांब आहे."

तिनं सगळ्यांना भिंतीशी उभं करून मापं घेतली, वेळेला अंतराचा हिशेब लावला आणि वेग काढला. दोरबोझ, दोरबोझाचा भाऊ, नानवाल्याची लेक, सगळ्यांचा वेग जवळपास सारखाच निघाला. मग तिनं परिचारिकांचे आणि ड्रायव्हरांचे आकडे काढून शेजारी ठेवले. तेही तसेच. भूगोल शिकवणाऱ्या नवऱ्याचेही.

"म्हणजे रक्तात काही नाही," खोलमिर्झा म्हणाला.

"या मोजमापात तरी नाही, अदा."

त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली आणि चहा प्यायला हवा असं म्हणून बाहेर गेला.

झुमरादनं नणंदेला नळापाशी गाठलं. "दोन दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं, ओपा? मी एकदा वर गेले असते ना, मग खाली कोण उतरवणार होतं?"

"उद्या धाकट्या चुलतभावाला तुझ्याहून बुटकी बायको आली म्हणजे? वर ती, खाली तू."

"मग बघितलं असतं तेव्हा."

"आणि हेच आकडे बघून आम्ही लोकांना सांगतो की तुझी नस ठीक आहे की नाही," मुहय्यो म्हणाली. "ते मला वाकवता येत नाहीत गं. प्रयत्न केला आत्ता, मनात. नाही जमलं."

झुमरादनं रागानं नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "तुमच्या वाटणीचा नान मी आज करणार नाही." आणि तिनं केला नाही. मुहय्योनं रात्रीचं जेवण नुसत्या सूपावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी चाचणी होती. यात झटका नव्हता. डोक्यावर तारांची टोपी, पोटरीवर चकत्या, आणि पायानं एक पट्टी हलक्या, एकसारख्या जोरानं दाबून धरायची. मेंदूत एक लय चालू असते, स्नायूतही तिचा पडसाद असतो. दोन्ही लयी एकमेकींच्या किती मागे-पुढे आहेत त्यावरून निरोपाचा वेळ काढायचा. खोलमिर्झा येईल की नाही याची मुहय्योला शंका होती. तो आला, टोपी घालून घेतली आणि पट्टी दाबली. पडद्यावरची रेघ ताणलेल्या दोरासारखी सरळ राहिली. चुलतभावांच्या रेघा थरथरल्या. झुमरादची सासऱ्याइतकी नव्हे, पण बरीच सरळ राहिली.

आकडे आले आणि खोलमिर्झानं स्वतःच विचारलं, "कालच्यापेक्षा कमी कसे? रात्रीत माझा पाय आखूड झाला?"

"ही या पद्धतीची खोडच आहे," मुहय्यो म्हणाली. ती त्याच्याजवळ स्टूल ओढून बसली. "काल मी बाहेरून ढकलत होते. निरोप फक्त वरून खाली. आज तुम्ही स्वतः पाय धरून ठेवलात, तेव्हा पायही वर सांगत होता. पट्टी अशी आहे, जोर एवढा लागतोय. वरून हुकूम येतोय आणि त्याच वेळी खालून खबर जातेय, दोन्ही एकाच लयीत मिसळतात. म्हणून नुसती लय पाहिली तर वेळ खोटा कमी दिसतो. तो गुंता सोडवायचा, जाणारा वेळ किती आणि येणारा किती हे वेगळं करायचं. माझी सहा वर्षं त्यातच चालली आहेत."

"दोन्हीकडून बोलणं चालतं."

"सतत. तारेचा वेग सगळ्यांचा सारखा. पण बोलण्याची सवय सगळ्यांना सारखी नसते. तुमच्या पायाला बोलायची सवय आहे, अदा. ती रक्तातून आली की रोज दोरावर उभं राहून, हे माझं यंत्र सांगत नाही. पण सवय लागते एवढं मला माहीत आहे. रुग्णांना आम्ही तीच पुन्हा लावत असतो."

खोलमिर्झानं टोपीच्या तारा काढू दिल्या. केसांना लागलेला चिकट लेप त्यानं पुसला. मग शेरमतला म्हणाला, "सूनबाईची रेघ कोणती ती दाखव बरं."

शेरमतनं दाखवली. खोलमिर्झानं ती पाहिली, आपली पाहिली, चुलतभावांच्या पाहिल्या. "ही दोरावर उभी राहिलेली आहे," तो म्हणाला. "कधीपासून?"

शेरमत छताकडे बघू लागला. झुमराद म्हणाली, "दोन हिवाळे झाले, अदा."

"काठी कुठली घेतेस?"

"लाटणं."

खोलमिर्झा हसला नाही. "लाटणं आखूड पडतं," एवढंच म्हणाला, आणि पहारेकऱ्याकडून कर्नाय आणायला गेला. जाताना ते वाजवलं मात्र नाही.

मधे बरेच दिवस काही कळलं नाही. उन्हाळ्यात, खरबुजं बाजारात आली तेव्हा झुमरादचा फोन आला. नान न देण्याइतका तो राग ती केव्हाच विसरली होती. अदांनी तुतीची फांदी तासून तिच्या उंचीला बेतलेली काठी केली होती. शिकवताना ते फार बोलत नव्हते. दोर पायाखाली हलला की ती झटक्यानं अंग सावरायची, तेव्हा खालून म्हणायचे, "हुकूम नको सोडूस. आधी ऐक, पाय काय म्हणतोय ते." आता पुढच्या आठवड्यात एका लग्नात तिचा पहिला खेळ होता. मोठ्या दोरावर.

मुहय्यो नवऱ्याला घेऊन गेली. मैदानात दोन खांब, त्यांच्यामध्ये दोर, आणि खाली सगळं गाव. कर्नाय वाजलं. झुमराद निळा पोशाख घालून शिडीनं वर गेली. मुहय्योला वर बघवेना, तेव्हा तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि फक्त पाय बघायचे असं ठरवलं. पाऊल पडलं, पडलं, पडलं. मधोमध आल्यावर वाऱ्याचा झोत आला आणि दोर आडवा हलला. झुमराद थांबली. लोकांचा गलका बंद झाला. खोलमिर्झा दोराच्या बरोबर खाली मान वर करून उभा होता, आणि त्यानं तोंड घट्ट मिटलं होतं. वर तिचा घोटा बारीक बारीक चालत होता. दोर शांत झाला. मग पुढचं पाऊल पडलं, आणि पलीकडच्या खांबापर्यंत पडत राहिलं.

खाली उतरल्यावर झुमराद सगळ्यांना भेटली आणि मुहय्योपाशी आली. "ओपा," ती म्हणाली, "तिथे मधे उभी होते ना, तेव्हा वाटलं, कासोनची आजी खरंच असती तर बरं झालं असतं."

"मग?"

"मग वाटलं, नाही ते बरंय. पायाचं ऐकायचं सोडून तिच्याकडे बघत बसले असते."

त्यानंतर खोलमिर्झानं चहाच्या दुकानात रक्ताचा विषय काढला नाही. पण दुसरा काढला. डोकं आणि पाय यांचं संभाषण या विषयावर तो आता तासभर बोलतो, आणि त्यातलं बरंचसं बरोबर असतं. कुणी शंका घेतली तर त्याच्यापाशी एकच उत्तर आहे. माझी मुलगी ताश्कंदला असते, जाऊन मोजून घ्या. ज्याला कंबरदुखी नाही असा माणूस दिसला की तो त्याला डामासमध्ये बसवतो. सुयून दोमलांना कळेना की चुस्त आणि आसपासच्या गावांतून इतके निरोगी लोक एकाएकी कुठून यायला लागले.

परवाच सकाळी त्याचा फोन आला. "पाच जण निघालेत. एक लोहार, दोन माळी, एक शाळेतली बाई आणि आपला तो पोस्टमन. लोहार थोडा घाबरलाय, त्याला आधी घे."

"सगळे निरोगी आहेत ना, अदा?"

"घाट ओलांडेपर्यंत तरी आहेत," खोलमिर्झा म्हणाला. "आणि लोहाराचे दात सोन्याचे आहेत. मी त्याला सांगितलंय, राहू दे."

मुहय्योनं फोन ठेवला, पलंगावर नवी चादर घातली आणि पाच माणसांपुरत्या चकत्या मोजून काढून ठेवल्या.